१६ गुंठ्यांत गाय, शेळ्या आणि कोंबड्या

"एका एकरात किती शेळ्या बसतील हो?" हा प्रश्न मला ऑफिसात, लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे विचारला जातो. आम्ही राहतो कळव्याला. जमीन मुरबाड तालुक्यात, सासऱ्यांच्या वाट्याला आलेली १६ गुंठे. त्यावर आठ शेळ्या, एक बोकड, एक डांगी गाय आणि चाळीसेक गावठी कोंबड्या. ऐकणाऱ्याला हा आकडा फारच लहान वाटतो, कारण त्याने हिशेब शेडचा केलेला असतो. एका शेळीला दहा-बारा चौरस फूट, एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे गुंठ्याला नव्वदेक शेळ्या. शेडमध्ये मावतील, खरंय. पण खातील काय?

म्हणून सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी चारा मोजायला सांगते. तीस किलोच्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा लागतो, वर अर्धा-पाऊण किलो वाळला. आठ शेळ्या आणि बोकड धरले तर रोजचा तीसेक किलो हिरवा झाला. गाईचे पंधरा-वीस किलो वेगळे. आमच्याकडे सहा गुंठ्यांत नेपियर गवत आहे आणि सगळ्या बांधांवर शेवरी, सुबाभूळ. तेवढ्याने भागत नाही. फणसाचा आणि आंब्याचा पाला, आमच्या आणि शेजारच्या काकांच्या शेतातला भाताचा पेंढा, भातगिरणीतला कोंडा हे सगळं धरून वर्ष निघतं. सुबाभूळ शेळ्या आवडीने खातात, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर देऊ नये, त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि जास्त झालं की केस गळतात. ठाण्याला जांभळी नाक्यावर कोबी-फ्लॉवरचा पाला ढिगाने पडलेला दिसतो आणि नवखा माणूस हरखतो. तो थोडाच, धुऊन आणि पेंढ्यासोबत द्यायचा. रिकाम्या पोटी भरपूर दिला तर पोट फुगतं.

जाहिरातींतले कोर्सवाले शंभर शेळ्यांचं गणित मांडतात ते विकत घेतलेल्या चाऱ्यावर. राष्ट्रीय पशुधन अभियानाचं ५० टक्के अनुदानसुद्धा शेळीपालनात १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या गटापासून सुरू होतं. आपल्यासारख्या गुंठेवाल्यांनी त्याच्या मागे लागून कर्ज काढू नये, असं मला फार मनापासून वाटतं. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत १० शेळ्या आणि १ बोकड असाही गट असतो, तो आपल्या मापाचा आहे.

दुसरा हिशेब पावसाचा. देशावरच्या मित्रांचे सल्ले इथे अर्धेच लागू पडतात. आमच्या भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शेळीला थंडी चालते, ऊन चालतं, ओल चालत नाही. खूर सडतात, जंत होतात, करडांना न्यूमोनिया होतो. त्यामुळे आमच्या शेळ्या जमिनीपासून साडेतीन फूट उंच माचणावर राहतात. पट्ट्यांमध्ये बोट जाईल एवढीच फट ठेवलीय. त्याहून मोठी ठेवली तर करडाचा पाय अडकतो, लहान ठेवली तर लेंड्या खाली पडत नाहीत. पावसाळी बाजूने ताडपत्री नाही, बांबूचा कूड आहे, कारण ताडपत्रीने आत वाफ धरते आणि मुताचा वास डोळ्यांत चुरचुरतो.

जुलैत गवत बघावं तिकडे असतं आणि नेमकं तेव्हाच ते धोक्याचं असतं. कोवळं, पाण्याने भरलेलं. सासूबाई पहिल्या पावसापासूनच बजावतात, "ओला पाला नको घालूस गं, पोटं जातील त्यांची." आम्ही आज कापलेला चारा उद्या घालतो. कापून आणला की लहान लहान पेंढ्या बांधायच्या आणि पडवीत दोरीला उलट्या टांगायच्या. सकाळी पानं मलूल झालेली असतात, हातात घेतली तर चुरचुर न वाजता नुसती वाकतात. त्याच पेंढ्या शेळीच्या तोंडाच्या जरा वर टांगतो. शेळी मान वर करून ओरबाडून खाते आणि अर्धा चारा पायाखाली तुडवत नाही. आंत्रविषाराची लस मे महिन्यातच टोचून घ्यायची, पाऊस लागल्यावर धावपळ नको. पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची लसही चुकवायची नाही.

जात निवडतानाही पाऊसच बघितला. उस्मानाबादी उत्तम, जुळी देण्यात नावाजलेली, पण ती कमी पावसाच्या मुलखातली. आम्ही सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ घेतली, नाकापासून कानापर्यंत तोंडावर पांढरे पट्टे असलेली. गाय डांगी, तीही त्याच कारणाने. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, पावसाचं पाणी अंगावर टिकत नाही. दूध कमी देते हे कबूल, पण आम्हाला तिच्याकडून शेणही तितकंच हवं होतं. ती घेतली मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या यात्रेत, पौष पौर्णिमेच्या बाजारात. शेळ्या मात्र बाजारातून घेऊ नयेत. दहा गावांचे रोग एका दावणीला येतात. एखाद्याच्या घरच्या कळपातून, आईचं दूध आणि आधीची करडं बघून घ्याव्यात, आणि आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या बांधाव्यात.

आता गाय, शेळ्या, कोंबड्या अशी तीन प्रकारची जनावरं कशासाठी? एकाचं उरलेलं दुसऱ्याला खाता यावं म्हणून. गाईच्या शेणाच्या रबडीवर अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारं छोटं शेवाळासारखं नेचं, वाढतो. सहा बाय तीन फुटांचा वाफा, खाली प्लास्टिक, चाळलेली माती, चार-पाच इंच पाणी आणि वर छप्पर, नाहीतर पहिल्याच सरीला सगळं वाहून जातं. तो अझोला कोंबड्या आणि गाय दोघी खातात. शेळ्यांनी पाला ओरबाडून टाकलेल्या काड्या गाईच्या गव्हाणीत जातात. मोठ्या कोंबड्या दिवसभर माचणाखाली उकरतात, अळ्या आणि गोचिडं टिपतात. पिल्लं मात्र तिथे सोडायची नाहीत, त्यांना रक्ती हगवण लवकर लागते. आणि कोंबड्यांची कणी-मका शेळ्यांच्या तोंडी लागणार नाही असं झाकण हवं. शेळीने भसाभस धान्य खाल्लं तर पोटात आम्ल होऊन ती दिवसभरात दगावू शकते. लेंड्या आणि शेण मिळून खत होतं, ते नेपियरला जातं, म्हणून सहा गुंठ्यांत एवढा चारा निघतो.

पैशांचंही तसंच. अंड्यांचा पैसा रोजचा, पण थोडा, गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशीच अंडी देते. कोंबड्यांचा खरा पैसा गटारीला. आषाढ अमावास्येच्या आठवडाभर आधीच कळवा, विटावा, बाळकूमच्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात, आणि श्रावण लागला की सगळं थंड. गावठी कोंबडा तयार व्हायला चार-पाच महिने लागतात. म्हणजे खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची ती जानेवारी-फेब्रुवारीत. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात आणि आषाढापर्यंत विकण्याजोगी होतात.

बोकडांसाठी याहून लांबचा विचार लागतो. बकरी ईदेला वर्ष भरलेला, दोन दाती, व्यंग नसलेला बोकड हवा असतो. शेळी पाच महिन्यांनी विते. म्हणजे ईदेच्या दीड वर्ष आधी तिला फळवावी लागते. त्यात ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ती ७ जूनला होती. पुढच्या काही वर्षांत ती ऐन उन्हाळ्यात येत जाणार, म्हणजे विहीर तळाला गेलेली असताना बोकडांचं वजन टिकवायचं. त्यासाठी आम्ही तूर आणि हरभऱ्याचं भूस मार्चमध्येच भरून ठेवतो, तेव्हा ते स्वस्त मिळतं.

एक गोष्ट कोणी विचारत नाही आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: रात्री तिथे कोण झोपणार? आमच्या बाजूला बिबट्या फिरतो, त्यामुळे गोठ्याला वरूनही जाळी आहे. पण जाळी म्हणजे माणूस नव्हे. शेळी मध्यरात्री विते, करडाला तासाभरात चीक पाजावा लागतो, दोन करडं असली तर दुबळ्याला धरून पाजावा लागतो. आमच्याकडे हे सासूबाई करतात, टॉर्च तोंडात धरून. मी आणि नवरा शनिवार-रविवारचे. आमची शेती त्यांच्यावर उभी आहे आणि महिन्याच्या हिशेबात त्यांचा पगार मी पहिल्या ओळीत लिहिते. त्या नको नको म्हणतात. मी देते.