पैसे आईचे होते

उन्हाळ्यात पुण्याहून सेमिनरीची, म्हणजे पाळक (चर्चचे धर्मगुरू) व्हायला शिकणारी मुलं आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कामाला येतात, ती विचारतात. तरुण संघाच्या शिबिरात कोणीतरी हात वर करून विचारतं. परगावचे पाळक जेवायला आले की हात धुता धुता विचारतात: "पाळकसाहेब, तुमचं बालपण गिरणगावातल्या खानावळीत गेलं. देवाने त्यातून तुम्हाला सेवेसाठी कसं तयार केलं, ते सांगा ना."

विचारतात ते प्रेमाने. पण उत्तर काय हवं तेही ठरलेलं असतं. खानावळ म्हटली की पाहुणचार, येशूने लोकांना पुरवलेल्या पाच भाकरी आणि दोन मासे, वाढणारे हात, भुकेल्याला घास. हे उत्तर मी बरीच वर्षं दिलं, चांगलं रंगवून दिलं. आता देववत नाही. का देववत नाही, ते तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी शास्त्राचं, म्हणजे बायबलचं बोलू, कारण तुम्ही दाखले शास्त्रातलेच देता. मोशेने मिद्यानात मेंढरं राखली म्हणून त्याला लोक राखता आले, असं आपण उपदेशात सर्रास म्हणतो. निर्गमाचं पुस्तक उघडून पाहा. तिथे असं कुठेही लिहिलेलं नाही. पेटत्या झुडपातून देवाने बोलावलं तेव्हा मोशे "माझी तयारी झाली आहे" म्हणत नाही, "मी कोण?" म्हणतो, आणि शेवटी दुसऱ्या कोणाला तरी पाठव म्हणून विनवतो. आमोस गुरं राखणारा, उंबरांची निगा करणारा. मी संदेष्टा नव्हतो, मला परमेश्वराने कळपामागून उचललं, एवढंच तो सांगतो. गुरं राखल्यामुळे मला संदेश देता येऊ लागला, असं तो म्हणत नाही. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाबरोबर तंबू शिवायचा तो पोटासाठी. आणि फिलिप्पैकरांना लिहिताना आपलं कूळ, आपलं शिक्षण, आपलं परूशीपण, म्हणजे कर्मठ यहूदी पंथातलं असणं, ओळीने मांडून शेवटी तो ते सगळं हानीच्या बाजूला टाकतो. पार्श्वभूमीला आपण आज जेवढा मान देतो, तेवढा या माणसांनी स्वतःच्या पार्श्वभूमीला दिलेला मला दिसत नाही.

आता खानावळीचं. मुंबईत डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत आमची १६० चौरस फुटांची खोली. त्यातच आम्ही राहायचो आणि त्यातच आई खानावळ चालवायची. पंगत बसली की दार आतून उघडता येत नसे. गिरणीची पाळी सुटली की एक घोळका, पाळीवर जायच्या आधी दुसरा. आमचे मेंबर, म्हणजे महिन्याच्या हिशेबाने जेवणारे, जवळजवळ सगळे रिंग खात्यातले, म्हणजे सूतकताईतले, नगर-जालन्याकडचे, ख्रिस्ती नाहीतर बौद्ध. हा योगायोग नव्हता. साचे खात्यात, म्हणजे विणकामात, धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून त्या जास्त पगाराच्या खात्यात आमच्या लोकांना पूर्वापार घेत नसत. जी विटाळाची भिंत गिरणीत होती तीच ताटालाही होती. साचे खात्यातली माणसं आमच्या पंगतीला येत नसत. "सगळ्यांना एका पंगतीला बसवणारी खानावळ" असं मी एकदा शिबिरात म्हणालो होतो. आमच्या पंगतीला तेच बसत, ज्यांना दुसरीकडे कोणी बसवत नव्हतं.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. नगर जिल्ह्यातल्या आम्हा ख्रिस्ती लोकांना 'भाकरीसाठी बाटलेले' हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकावं लागलं आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आणि त्यानंतर तिकडे बरेच बाप्तिस्मे झाले, आमच्या घराण्यातले पहिले त्यांपैकीच. त्यामुळे भाकरीची गोष्ट व्यासपीठावर देखणी करून सांगायचा मोह मला इतरांपेक्षा जास्त. भाकरी घेणाऱ्यांची औलाद म्हणून हिणवलेल्या माणसाला, आम्ही भाकरी देणारे होतो, हे सांगताना छाती भरून येते. ही माझी गरज होती. सेवेच्या तयारीशी तिचा संबंध नव्हता.

खानावळीत माझं काम वाढण्याचं नव्हतंच. वाढायला बहीण होती. मी वही लिहायचो. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही, दर मेंबराचं एक पान, वर नाव, खाली महिना, खाड्यांच्या फुल्या. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. हिशेब मात्र तिला तोंडपाठ असत. पगाराच्या दिवशी ती पोळपाटापाशी बसून म्हणायची, "वाच," आणि मी वाचायचो. आकडा चुकला तर तिची मान हलायची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होतो. अडीच लाखांच्या घरात माणसं संपावर. वडीलही त्यांत. पहिले दोन-तीन महिने आईने सगळ्यांना उधारीवर जेवू घातलं, कारण मिटेल मिटेल असं जो तो म्हणत होता. मग रविवारची वजडी बंद झाली, मग कालवणातलं तेल कमी झालं, आणि मेंबर एकेक करून गावी जायला लागले. जाताना काही हिशेब करून जात, काही सांगून जात, काही न सांगता.

त्यांत एक बदली कामगार होता, जालन्याकडचा. आम्ही त्याला मामा म्हणायचो. बदली म्हणजे गिरणी चालू असतानाही रोज गेटवर उभं राहून काम मिळेल की नाही याची वाट पाहायची. त्याच्या पानावर १९० रुपये झाले होते. तो उद्या गावी जाणार हे मला दुपारी जिन्यात कळलं. त्याने मनगटावरचं घड्याळ विकलं होतं. मनगटावर पट्ट्याच्या जागी कातडीचा फिकट गोल पट्टा दिसत होता, आणि तो दुसऱ्या हाताने तिथे सारखा चोळत होता.

मी घरी येऊन वही घेतली, वडिलांच्या दाढीचं ब्लेड घेतलं, आणि १९० मधला एक खरवडून काढला. कागद तिथे पातळ झाला, तंतू वर आले, म्हणून नखाने घासून बसवला. ९० राहिले.

संध्याकाळी मामा पिशवी घेऊन आला. खाली बसला नाही. आई म्हणाली, "वाच." मी वाचलं, "नव्वद." आईचा हात पिठात होता, तो थांबला. तिची मान मात्र हलली नाही. "परत वाच," म्हणाली. मी परत नव्वदच म्हणालो. मामाने माझ्याकडे पाहिलं. त्याला त्याचा आकडा माहीत होता, उधारी करणाऱ्याला तो नेहमीच माहीत असतो. त्याने खिशातून नोटा काढल्या आणि आईला विचारलं, "बाई, बरोबर हाय ना?"

आई म्हणाली, "वहीत हाय तेच."

मामाने नव्वद मोजून दिले, बहिणीच्या हातावर एक नाणं ठेवलं आणि गेला. परत कधी आला नाही. आई मला त्या रात्री काही बोलली नाही. दोन-तीन दिवसांनी तिच्या कानांतल्या कुड्या दिसेनात. सावकाराकडे गहाण पडल्या आणि तिकडेच राहिल्या. पुढे मरेपर्यंत तिच्या कानांच्या भोकांत नुसत्या काड्या होत्या.

ही गोष्ट मी माझ्या पाळकाच्या दीक्षेच्या दिवशी सांगितली. आभाराच्या उपासनेत साक्ष द्यायची होती, म्हणजे देवाने आयुष्यात काय केलं ते सांगायचं होतं. ऋण सोडण्याबद्दल प्रभूच्या प्रार्थनेत जी ओळ आहे तिच्याशी मी ती जोडली. तेव्हाच, त्या ब्लेडच्या टोकाशी, देव मला पाळक घडवत होता, असं म्हणालो. लोकांचे डोळे भरून आले. बिशपांनी पाठीवर हात ठेवला. आई तिसऱ्या बाकावर होती. परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली, मी शेजारी. बराच वेळ गेल्यावर म्हणाली, "पैसं माझं व्हतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब करताना असायचा तो आवाज होता.

तेव्हापासून मी त्या साक्ष देणाऱ्या तरुण पाळकाशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, भांडतो आहे. तो म्हणतो, एकशे नव्वद दिल्यावर मामाकडे गावी जायच्या गाडीभाड्यापुरतेही पैसे उरले नसते, मी केलं ते योग्य केलं. मी म्हणतो, असेल. आज तीच संध्याकाळ आली तर मी बहुधा परत ब्लेड उचलेन, त्याबद्दल मी कोणाची माफी मागत नाही. पण ऋण मी सोडलं नव्हतं. सोडायला माझ्याकडे काहीच नव्हतं. सोडलं आईने, "वहीत हाय तेच" म्हणून, तेही मुलाचा खोटेपणा परक्या माणसासमोर उघडा पडू नये म्हणून. आणि व्यासपीठावरून मी तिचं देणं माझ्या नावावर जमा केलं. तरुण पाळक म्हणतो, मग त्या दिवशी तू काय शिकलास? याचं उत्तर मला देता येत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात, सोळाव्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या दाखल्यातला कारभारी तुम्हाला माहीत आहे. मालक काढून टाकणार हे कळल्यावर तो ऋणकऱ्यांना बोलावतो, शंभर बुधले तेलाचे पन्नास करतो, शंभर खंड्या गव्हाचे ऐंशी. आणि मालक त्याची वाहवा करतो. सेमिनरीत याचं एक स्पष्टीकरण शिकवलं गेलं: त्याने बहुधा स्वतःची दलाली किंवा व्याज तेवढं सोडलं, म्हणजे मालकाचा तोटा झालाच नाही. विद्वानांचं म्हणणं असेल बरोबर. मला ते पटत नाही, कारण मग दाखल्यात कोणाचंच काही जात नाही. आमच्या घरात गेलं होतं. मालक आपलं जाताना पाहतो आणि तरी वाहवा करतो, हे मला कळायला हवं आहे. इतकी वर्षं वाचतो आहे, अजून पुरतं कळलेलं नाही. आई वाहवा करत होती की फक्त सांभाळून घेत होती, तेही विचारायचं राहून गेलं.

"म्हणजे पाळकसाहेब, खानावळीचा काहीच उपयोग नाही?" असंही विचारतात, थोडं दुखावून. आहे ना. घरभेटीला गेलो की माझी नजर आधी शेगडीकडे जाते. चहा नको म्हणणारी बाई दूध नाही म्हणून नको म्हणते की मनापासून, हे मला कळतं. मंडळीची वर्गणी थकली असेल तर मुलांसमोर तो विषय मी काढत नाही, कारण वसुलीला आलेल्या माणसाकडे पोरं कशी बघतात हे मी दारात उभं राहून पाहिलं आहे. पण त्याच खानावळीने दुसरंही दिलं. कोणाकडे किती येणं आहे ते माझ्या डोक्यातून जात नाही. प्रभुभोजनाची थाळी पुढे करताना समोरच्या माणसाचं वर्गणीचं पान मला दिसतं. दिसू नये असं मला फार वाटतं. प्रार्थना करतो, तरी दिसतं. हीदेखील तयारी म्हणायची का? साक्षीत कोणी हे मागत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना आता मी एवढंच म्हणतो की तुमची पार्श्वभूमी सांगताना तिच्यात खर्च कोणाचा झाला ते आधी सांगा. तुम्ही पहिले पदवीधर असाल तर कोणती बहीण शाळेतून काढली गेली? वडिलांचं दारूचं व्यसन तुम्हाला करुणा शिकवून गेलं असेल, तर ते आईने कशावर सोसलं? तुम्हाला सेवेसाठी घडवावं म्हणून ती माणसं तशी जगली नव्हती. आईने मामाला जेवायला घातलं ते मला पाळक व्हायचं होतं म्हणून नव्हे. देवाने त्यातून काही केलं असेल तर तो देवाचा आणि तिचा व्यवहार, आणि त्यात मी वही लिहिणारा होतो.

इतकं कळूनही मी बदललो आहे का, हे माझं मलाच ठरवता येत नाही. आमच्याकडे मूठमातीसाठी एक फंड आहे, वर्गणी चालू असलेल्यांसाठी. परवा एका घरातली आजी गेली, वर्गणी कित्येक वर्षं थकलेली. शिवडीच्या दफनभूमीचा, पेटीचा, गाडीचा खर्च त्यांनी कर्ज काढून केला. कमिटीत मी म्हणालो, थकबाकी माफ करू आणि फंडातून खर्च देऊ. आमचे खजिनदार सरळ माणूस आहेत, वहीवर बोट ठेवून म्हणाले, "पाळकसाहेब, हे पैसे ज्या विधवा बायका महिन्याला न चुकता भरतात त्यांचे आहेत. त्यांना विचारायचं का?" मी म्हणालो, मग निम्मे माझ्या पगारातून कापा. ते म्हणाले, "पाळकीणबाईंना विचारलंत?"

विचारलं नव्हतं. त्या रात्री घरी विचारलं. तिने मुलीच्या कॉलेजच्या फीचा आकडा सांगितला, आणि म्हणाली की नाही म्हणत नाही, पण दोन दिवस दे. पुढची बैठक रविवारी उपासनेनंतर आहे.