तुम्ही विचारलंत म्हणून: किती ओढतो, आणि ॲव्हरेज काय देतो

अंगणात एम-35ए2 उभा असलेला फोटो दिसला की पाठोपाठ हे दोन प्रश्न येतातच. अमेरिकी लष्कराचा अडीच टनी सहाचाकी डिझेल ट्रक, मी लिलावात घेतलेला. मायदेशातून फोन करणारे आणखी एक विचारतात, "आपल्या शक्तिमानसारखाच का हो?" तसं नातं आहे. आपल्या लष्कराचा शक्तिमान ट्रक मॅन या जर्मन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनायचा, 1996 पर्यंत. माझ्या ट्रकच्या इंजिनात डिझेल जाळायची पद्धतही मॅनचीच आहे. पिस्टनच्या डोक्यात गोल वाटी असते आणि तिच्या भिंतीवर इंधनाचा फवारा पडतो. त्यामुळे हे इंजिन डिझेलबरोबर रॉकेलसारखं हलकं इंधनही पचवतं. लगेच पुढचा प्रश्न येतो, जुनं ऑइल चालतं का? मी एकदा घातलं. महिनाभर फिल्टर बदलत बसलो. पुन्हा घालणार नाही.

आधी ॲव्हरेज, कारण तिथे मी बरीच वर्षं खोटं सांगितलं. "पाच-साडेपाच देतो," असं म्हणायचो. एका लांबच्या सपाट फेरीत तेवढं आल्यासारखं वाटलं होतं आणि तोच आकडा मी धरून बसलो. नंतर कळलं की त्या दिवशी ट्रक पंपावर तिरका उभा होता. टाकी 190 लिटरची आहे. एवढ्या मोठ्या टाकीत ट्रक जरासा कलला तरी पंधरावीस लिटरचा फरक पडतो. मग वही घातली. त्याच पंपावर, त्याच जागी, फुल टू फुल. रिकामा, ताशी 70 च्या आसपास चालवला तर लिटरला 4.1. 85 ला दाबला तर 3.4. मागे ट्रेलर असेल तर 2.9, कधी तीनला टेकतो. यापेक्षा जास्त मला कधीच मिळालेलं नाही.

"एवढं कमी कसं?" असं विचारणाऱ्याने एकदा ट्रकखाली वाकून बघावं. रिकाम्या ट्रकचंच वजन सहा टनांच्या जवळ. तीन ॲक्सल, दहा टायर (मागच्या दोन ॲक्सलवर जोडीजोडीने), आणि तिन्ही ॲक्सलमधले गियर जाड तेलात सतत घुसळत असतात. समोरून वारा कापायला काहीच नाही, उभी भिंत आहे. ॲक्सलचं गुणोत्तर 6.72, म्हणजे चाक एकदा फिरायला मागचा शाफ्ट जवळजवळ सात वेळा फिरतो. पाचव्या गियरमध्येही 72 ला इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या वर असतं आणि 90 ला 2600 च्या मर्यादेला टेकतं. पुढे वेग नाहीच. चिखलात भरलेला हौदा घेऊन चढ चढायला केलेली ही रचना आहे. महामार्गावर तिची किंमत डिझेलमध्ये मोजावी लागते, आणि त्याबद्दल मी तक्रार करत नाही. ज्यांना करायची आहे त्यांनी हा ट्रक घेऊ नये, एवढंच.

आता ओढण्याचं. इथे मला राग येतो, कारण विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं. "लष्कराचा आहे, म्हणजे काहीही ओढेल." किंवा उलट, "आजचा पिकअप सहा टन ओढतो, तुमचा एवढा धूड साडेचारच?" डॅशबोर्डवर धातूची पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय: पक्क्या रस्त्यावर 10,000 पौंड, म्हणजे साडेचार टन, आणि रस्ता सोडून 6,000, म्हणजे पावणेतीन टन. हे हौद्यातल्या मालाशिवाय वेगळं. इंजिन 7.8 लिटरचं, पण ताकद 140 अश्वशक्तीपर्यंतच, आजच्या साध्या मोटारीएवढी. तो ओढतो ते गियरच्या जोरावर आणि स्वतःच्या वजनावर. चढावर दुसऱ्या-तिसऱ्यात रांगतो, पण थांबत नाही. पिकअपशी तुलना करणाऱ्यांना मी हेच सांगत आलो, आणि ते खरंही आहे. पण मी नेहमी चढावरच थांबायचो. उताराचं कधी बोललोच नाही.

शेजाऱ्यांचं छोटं खोदयंत्र दुसऱ्या गावी न्यायचं होतं. ट्रेलर धरून 3,900 किलो. पाटीवरच्या आकड्याच्या सहाशे किलो आत. माझा भाचा सुट्टीला आला होता, सतरा वर्षांचा. ट्रेलर जोडताना तो मागे उभा होता.

"मामा, याचा प्लग आपल्याला बसतच नाहीये."

"बसणार नाही. आपला चोवीस व्होल्टचा, बारा पिनांचा. त्यांचा बारा व्होल्टचा."

"मग ट्रेलरचे विजेवरचे ब्रेक कसे लागणार?"

मी त्याला पाटी दाखवली. आकड्यावर बोट ठेवून दाखवली. "अरे, हा ट्रक ट्रेलरच्या ब्रेकच्या भरवशावर नाहीये," असं म्हणालो. मागचे दिवे म्हणून बॅटरीवरची चुंबकी जोडी लावली आणि निघालो.

चढ छान गेला. वर पोचल्यावर मीच त्याला म्हणालो, बघितलंस? उताराला लागताना चौथ्या गियरमध्ये होतो, साठच्या आसपास. तिसरा टाकायला हवा होता. हे आज लिहितोय, पण तेव्हाही माहीत होतं. ज्या गियरने चढलास त्याच गियरने उतर, हे मी स्वतः चार जणांना शिकवलंय. दोन वेळा पेडल दाबलं, दोन्ही वेळा धरलं. तिसऱ्यांदा पेडल खाली गेलं आणि वर आलंच नाही. हवेच्या दाबाचा काटा जागेवर होता, बझर वाजला नाही. हवा ठीक होती, तेल गेलं होतं.

या ट्रकचे ब्रेक हवेच्या मदतीने तेल ढकलतात, आणि तेलाची वाट सहाही जागी मिळून एकच आहे. एका चाकाचा ब्रेकचा सिलिंडर फुटला की सगळे गेले. हे मी वाचलेलं होतं. मधल्या ॲक्सलचं उजवं चाक होतं ते, नंतर कळलं.

तिसरा टाकावा का, हा विचार अर्धा सेकंद आला असेल. क्लच दाबून गियर काढला आणि पुढचा बसला नाही, तर न्यूट्रलमध्ये दहा टन सुटले असते. हात तिथपर्यंत गेला आणि परत आला. चौथ्यातच राहिलो. मागून ट्रेलर ढकलत होता, प्रत्येक वळणाला ते पाठीत कळत होतं. इंजिनचा काटा 2600 ओलांडून गेला. इंजिनाचा वेग रोखणारा गव्हर्नर डिझेल तोडतो, पण चाकंच इंजिन फिरवत असतील तर तो काय करणार? तो आवाज मी आजवर दुसऱ्या कुठल्या यंत्राचा ऐकलेला नाही. हँडब्रेक हळूहळू ओढायला लागलो. तो चाकांवर नसतो, पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर एकच ड्रम असतो. केबिनमध्ये जळका वास आला, मग धूर. भाचा एकदाच "मामा" म्हणाला, त्यानंतर काहीच बोलला नाही. दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून बसला होता.

उतार संपताना उजवीकडे खडीची वाट वर चढत होती. तिच्यात घातला. खडीत चाकं रुतली, ट्रेलर एकदा आडवा व्हायला बघून सरळ झाला, आणि थांबलो. पूर्ण सगळं मिळून दीड किलोमीटर असेल.

मी स्टिअरिंग सोडलं नव्हतं. तोवर भाचा खाली उतरून हौद्यातले लाकडी ठोकळे काढून चाकांमागे लावत होता. मी सांगितलं नव्हतं. ड्रम टिकटिक आवाज करत थंड होत होता. उजव्या मधल्या चाकाच्या आतल्या बाजूने ब्रेकचं तेल टायरवरून ओघळून खडीवर ठिबकत होतं. तो ते बघत उभा राहिला. मी काहीतरी बोलायला हवं होतं, बोललो नाही.

नंतर दोन वाटांचा मास्टर सिलिंडर बसवला, सहाही चाकांचे सिलिंडर नवे घातले, चोवीसचे बारा व्होल्ट करून ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर लावला. आता पुरेसं झालं का? कधी वाटतं झालं. पाटी खोटी नव्हती. ज्या ताफ्यासाठी ती लिहिली त्यातल्या ट्रेलरला याच ट्रकच्या हवेवर चालणारे ब्रेक असायचे, आणि ब्रेकची तपासणी ठरल्या दिवशी व्हायची. माझा सिलिंडर किती वर्षं जुना होता, हे मी कधी उघडून बघितलंच नव्हतं. मग दोष ट्रकचा नाही, माझा. पण असं म्हटलं की मी ट्रकला वाचवतोय असं मलाच वाटतं. एक सिलिंडर फुटल्याने सगळे ब्रेक जाणं ही रचनेतली उणीव आहेच, आणि ती माहीत असूनही मी एका मुलाला शेजारी बसवलं.

भाचा आता स्वतःचा पिकअप चालवतो. सुट्टीला येतो, ट्रकचं ऑइल बदलायला मदत करतो, बोनेटखाली माझ्यापेक्षा जास्त वेळ रमतो. फेरी मारायची म्हटलं की म्हणतो, "मामा, तुम्ही व्हा पुढे, मी मागून येतो." मी आग्रह करत नाही.

मी अजूनही ओढतो. तीन टनांच्या वर नाही, आणि ट्रेलरला स्वतःचे चालू ब्रेक असले तरच. हा तीनचा आकडा कुठल्या गणितातून काढला असं विचाराल, तर गणित नाही. साडेचारला पाटी हो म्हणते, आणि तिथे माझा हात हँडब्रेककडे जातो. म्हणून फोन कराल तेव्हा "किती ओढतो" याच्या आधी दोन गोष्टी सांगा: वाटेत उतार किती लांब आहे, आणि तुमच्या ट्रेलरचा प्लग किती व्होल्टचा आहे.