लांडग्यानं शेळी मारली, त्यानंतर भरपाई मिळेपर्यंत: माझा अनुभव

लांडग्यानं शेळी मारली की घरात रडारड होते आणि कुणीतरी लगेच म्हणतं, नाल्यात ओढून टाका, वास सुटंल. तेवढं होऊ देऊ नका. भरपाईची सगळी केस त्या मेलेल्या जनावरावर उभी असते.

आम्ही बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडचे, बालाघाटच्या माळावरचे. अण्णांच्या उस्मानाबादी शेळ्या आहेत. मागच्या हिवाळ्यात दिवस मावळताना पडकातून लांडग्यांची जोडी आली. एकानं गाभण शेळीचं नरडं धरलं. अण्णा ओरडत धावले तसं त्यानं सोडलं, पण शेळी वाचली नाही. त्याच गडबडीत दुसऱ्यानं एक करडू उचलून नेलं.

वन्यप्राण्यानं जनावर मारलं तर 48 तासांच्या आत कळवावं लागतं. मी त्याच रात्री वन विभागाच्या 1926 या नंबरवर फोन केला आणि पोलीस पाटलांनाही सांगितलं. कुत्र्यांनी तोंड लावू नये म्हणून शेळीवर बोरीच्या फांद्या टाकल्या. अण्णा घोंगडं घेऊन रात्रभर तिच्याजवळ बसले. वस्तीवरला एक जण म्हणाला, "मढ्यावर थिमेटचं विष टाका, लांडगा परत येतोच." अण्णांनी त्याला तिथंच गप्प केलं, आणि बरं केलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात लांडगा वाघासारखाच पहिल्या अनुसूचीत आहे. शिवाय थिमेटनं कोल्हे आणि आमची राखणीची कुत्रीही मेली असती.

सकाळी गार्ड साहेब आले. आल्या आल्या विचारलं, "जागेवरून हलवली नाही ना?" मग त्यांनी नाल्याकाठच्या ओल्या मातीत पावलं शोधली. ठशाशेजारी पेन ठेवून फोटो काढले. मोकाट कुत्र्यांनी मारलेल्या शेळीला वन विभागाच्या भरपाईत पैसे नाहीत, म्हणून हे पाहणं महत्त्वाचं. कुत्र्याची पावलं इकडंतिकडं भरकटतात, लांडग्याची बहुतेक एका ओळीत सरळ जातात, हे त्यांनी अण्णांना दाखवलं. अण्णांना ते आधीच माहीत होतं, पण साहेबांनी बसून, वेळ देऊन पाहिलं याचं त्यांना फार बरं वाटलं. सरपंच आणि पंचांच्या सह्या झाल्या.

दुपारी जनावरांचे डॉक्टर आले. शेळी गाभण असल्याचं दाखल्यात लिहून घ्या, हे सगळ्यांना सांगतो, कारण किंमत त्यावर ठरते. 2022 च्या शासन निर्णयाप्रमाणे शेळी-मेंढीला बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. गाय, बैल, म्हशीला हीच मर्यादा 70,000 आहे. डॉक्टरांनी 14,000 किंमत लावली, म्हणजे साडेदहा हजार. नेकनूरच्या बाजारात तेवढ्यात तशी शेळी येत नाही, तरी आधार झाला.

कागद म्हणजे आधार, पासबुक, पंचनामा, दाखला आणि फोटो. शेळीच्या कानात बिल्ला होता म्हणून आमचं निभावलं. 2024 पासून बिल्ला नसलेल्या जनावराची भरपाई नाकारली जाते, आणि आमच्या भागात कितीतरी शेळ्यांना अजून तो नाही. आधी तेवढं करून घ्या. पुढं फाइल टेबलावर पडून राहिली, "अनुदान आलं नाही" हे उत्तर बऱ्याचदा ऐकलं. शेवटी पैसे थेट खात्यात आले, कुणाला काही द्यावं लागलं नाही.

करडाचं मात्र काहीच झालं नाही. मढं नाही तर पंचनामा कशाचा करायचा? लांडगा लहान जीव उचलूनच नेतो, मागं रक्ताचे डाग तेवढे राहतात. पंचांची साक्ष आणि पावलांचे फोटो याला पुरावा म्हणून धरायला पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

यात सगळ्यात जास्त बुडतो तो फिरता मेंढपाळ. आमच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला आलेल्या धनगरदादांची कोकरं अशीच गेली. वाघरीतून, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीतून, रात्री नेली. पुढच्या गावच्या शेतकऱ्याला शब्द दिलेला, वाट बघत थांबणार कसे? अर्ज न करताच ते पुढं निघाले. मुक्काम असेल त्या गावचा पंचनामा आणि पैसे मेंढपाळाच्या मूळ गावच्या खात्यावर, अशी सोय वन विभागानं करावी म्हणून मी ग्रामसभेत लेखी विषय दिला आहे. अण्णांनी त्यावर पहिली सही केली.