दहा टक्के उशी

दुपारी तीनच्या सुमाराला ऊन सरकत सरकत सोफ्यापर्यंत आलं आणि नव्या पिवळ्या उशीवर पडलं, तर मागची पांढरी भिंतही चांगली वीतभर पिवळी झाली. उशी एकच घेतली होती, रंग मात्र दोन ठिकाणी. आता हा भिंतीवरचा पिवळा कशात धरायचा, याचा हिशोब करत बसले.

हिशोब म्हणजे तोच हो, 60-30-10 वाला. भिंती आणि मोठ्या वस्तू मिळून 60 टक्के एखादा शांत रंग, पडदे, खुर्च्या, गालिचा वगैरे 30 टक्के दुसरा, आणि जो काय धीटपणा करायचा तो उरलेल्या 10 टक्क्यांत. नियम चुकीचा नाहीये, पण ज्याने कुणी काढला त्याच्या घरी खुर्चीच्या पाठीवर टॉवेल वाळत नसणार. माझ्याकडे वाळतो, आणि तो केशरी आहे. शिवाय इस्त्रीला राहिलेली रास, चार्जरच्या वायरी, लेकीचं जांभळं दप्तर... माझे दहा टक्के उशी यायच्या आधीच संपलेले.

बरं, रंग एकटा कुठे राहतो? मागे राखाडी पडदे आणले, दुकानात अगदी राखाडी, घरी गुलाबीसर भिंतीशेजारी लावले तर चक्क हिरवट. नवरा म्हणाला बदलून आण, मी घेऊन गेले तर तिथे परत राखाडी! शेव्रल नावाचा एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होता, पॅरिसच्या गोबलँ या भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख. तिथे तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो. त्याने तपासलं तर धाग्याचा रंग ठणठणीत, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. यावर त्याने 1839 मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. मी नुसते पडदे परत आणले आणि गप्प बसले.

आमच्या बाबांना हे कोण सांगणार होतं. त्यांनी शेडकार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनावरून हिरवा पसंत केला होता. नखाएवढा असताना छानच होता तो, पण चारही भिंतींवर चढला आणि भिंती एकमेकींवर हिरवा फेकायला लागल्या, त्यामुळे आम्ही सगळे खोलीत आजारी दिसायला लागलो. आरशात बघून मी जीभ बाहेर काढायचे, ती तेवढी गुलाबी, जरा जास्तच गुलाबी. आई म्हणाली, "अहो, हे काय झालं?" बाबा म्हणाले, "सुकला की फिका होतो." सुकल्यावर तो अजून गडद झाला. मग ते रोज त्याच खोलीत पेपर वाचत बसायचे, मुद्दाम, आणि वर विचारायचे, "डोळ्यांना कसं थंड वाटतं की नाही?" कुणी नाही म्हणायचं नाही.

बाबांच्या पश्चात ती खोली ऑफव्हाइट झाली. मीच करून घेतली. आता उजेड छान खेळतो, फोटोत माणसं माणसांसारखी येतात.

पुन्हा रंगकाम काढलंय त्या घराचं, परवा जाऊन आले. मागच्या वेळी रंगाऱ्याने लोखंडी कपाट हलवलंच नव्हतं, नुसताच भोवतीने ब्रश फिरवला होता. यावेळी तिघांनी मिळून ते ओढलं तर मागे पुरुषभर उंचीचा हिरवा चौकोन. कडेला ऑफव्हाइटचे ओघळ, एका कोपऱ्यात पोपडा सुटलेला. आई दारातच थांबली, आत आली नाही.

रंगारी म्हणाला, "ताई, हेपण पांढरं करायचं ना?"

म्हटलं आधी बाकीचं उरका, मग बघू.