तुम्ही विचारलंत म्हणून : नोव्हा स्कोशियाने खाल्लेलं मीठ

फेब्रुवारी लागला की हा प्रश्न ठरलेला. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, हॅलिफॅक्सला आमच्या ऑफिसात कुणीतरी ओले बूट काढता काढता म्हणतं, "तू उष्ण देशातला. तुझं काय मत? टर्क्स अँड केकॉस आपल्यात घ्यायचं का?" मग उरणहून काकांचा फोन येतो. त्यांनी ते कुठेतरी वाचलेलं असतं. "काय रे, ती गरम बेटं तुमचे लोक घेणार होते म्हणे. खरं का?"

बोलणं खरं आहे, आणि शंभर वर्षांहून जुनं आहे. टर्क्स अँड केकॉस म्हणजे बहामाच्या आग्नेयेची चाळीसेक लहान बेटं, ब्रिटनच्या अखत्यारीतली. अक्षांश आपल्या नंदुरबारच्या जवळपासचा. 1917 मध्ये कॅनडाचे पंतप्रधान रॉबर्ट बोर्डन यांनी ती कॅनडाला जोडायचा विषय ब्रिटनकडे काढला होता. तो पुढे सरकला नाही. 1974 मध्ये मॅक्स सॉल्ट्समन नावाच्या खासदाराने संसदेत खासगी विधेयक मांडलं, तेही बारगळलं. 2004 मध्ये आमच्या नोव्हा स्कोशियाच्या विधानसभेने तिन्ही पक्षांच्या एकमताने हाक दिली : ही बेटं कॅनडात आलीच, तर ती आमच्या प्रांतात यावीत. नवा प्रांत करायचा तर देशातल्या किमान सात प्रांतांची, तेही मिळून देशाची निम्मी लोकसंख्या असलेल्या, संमती लागते. तेव्हा आमच्या घरातच एक खोली देऊ, असा तो विचार. 2014 मध्ये बेटांचे प्रीमियर, म्हणजे तिथले सरकारप्रमुख, रुफस युइंग ऑटावाला आले, तेव्हा परराष्ट्रमंत्री जॉन बेअर्ड यांनी कॅरिबियनमधली बेटं जोडून घेणं हे आमचं काम नव्हे, असं सांगून विषय मिटवला.

विषय मिटला तरी गंमत मिटत नाही, आणि ती का मिटत नाही हे इथे एक हिवाळा काढल्यावरच कळतं. डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. बर्फ पडतो, त्यावर पाऊस पडतो, तो गोठतो, मग धुकं येतं. मार्च संपला तरी रस्त्याकडेला करड्या बर्फाचे ढीग बसलेले असतात. अशा माणसांनी उन्हाचा एक तुकडा आपला असावा म्हटलं, तर मला ते मनापासून समजतं. त्या हसण्यामागे थकलेली, साधी, प्रेमळ माणसं आहेत. त्यांना बेटं गिळायची नाहीत, त्यांना फक्त पासपोर्ट न दाखवता अनवाणी चालायचं आहे.

तरी मी "हो" म्हणत नाही. कारण मला लूनेनबर्गला सापडलं.

लूनेनबर्ग हे इथून तासाभरावरचं मच्छीमारांचं जुनं बंदर. तिथे मासेमारीचं संग्रहालय आहे. पहिल्या वर्षी मी ते बघायला गेलो आणि कॉड मासा खारवण्याची माहिती वाचता वाचता थांबलो. मासे खारवायला मीठ लागायचं, आणि त्या मिठाचं एक मोठं ठिकाण होतं टर्क्स बेटं. इथली शिडाची जहाजं खारवलेला मासा घेऊन वेस्ट इंडीजला जायची आणि येताना तिथलं मीठ भरून आणायची. त्यातला हलक्या प्रतीचा मासा उसाच्या मळ्यांवर गुलामांना खायला घालत. म्हणजे ज्या बेटांना घरात घेण्याची चर्चा चालते, त्यांचं मीठ या प्रांताने पिढ्यान् पिढ्या खाल्लं आहे.

मी मिठागरातल्या घरातला. आमची आगरी जातच आगरावरून ओळखली जाते. दिवाळी झाली की आजोबा बांध दुरुस्त करायला लागायचे. भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, खाडीचं पाणी आत घ्यायचं, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत सोडत दाट करायचं, तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा, की मिठात चिखल येत नाही. मग उन्हाने पांढरी साय धरली की लांब दांड्याच्या लाकडी फळीने ती ओढायची. आजी टोपली डोक्यावर घेऊन बांधावर ढीग करायची. रात्री ती पाय पसरून बसायची आणि भेगांत खोबरेल तेल भरायची. तेल लागताच ती दात आवळायची, आवाज काढायची नाही. मी सहा-सात वर्षांचा असेन, पण तो आवळलेला जबडा अजून दिसतो.

ग्रँड टर्क आणि सॉल्ट के या बेटांवर हीच रीत होती : समुद्राचं पाणी आत घ्यायचं, एका तळ्यातून दुसऱ्यात फिरवायचं, ऊन-वाऱ्यावर आटवायचं, ओढायचं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्म्युडाचे लोक मिठासाठी तिथे येऊ लागले, आणि पुढे कामाला गुलाम आणले. त्यांतली एक मेरी प्रिन्स. तिची हकिगत 1831 मध्ये लंडनला छापली गेली. गुडघाभर खाऱ्या पाण्यात दिवसभर उभं राहून पायांना झालेल्या फोडांबद्दल तिने सांगितलं आहे. ते वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. माझी आजी स्वतःच्या आगरात राबायची, संध्याकाळी स्वतःच्या घरी यायची. मेरीला ते नव्हतं. दोघींचं दुःख एका तागडीत घालायचं नाही, एवढं मला कळतं. पण मीठ पायात शिरतं कसं, ते मी जवळून पाहिलंय.

आमचं आगर पुढे एका सरकारी प्रकल्पात गेलं. नोटीस आली तेव्हा नकाशा आधीच काढून झाला होता. 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या मागे आमच्याकडचा शेतकरी रस्त्यावर उतरला, जासईच्या परिसरात गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं. आमच्याकडे आजही लोक स्वतःला भूमिपुत्र म्हणवतात. टर्क्स अँड केकॉसच्या स्थानिक रहिवाशांसाठी तिथे असाच एक शब्द वापरत आले आहेत, "बिलाँगर". तिथला असलेला.

त्या बेटांतल्या लोकांनाही कधीकाळी कॅनडाची कल्पना आवडली होती, हे मी विसरत नाही. पुन्हा आवडली, त्यांनी मतदान करून तसं सांगितलं, तर मी पहिला टाळी वाजवीन. पण 2009 मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून ब्रिटनने तिथलं निवडून आलेलं सरकार बाजूला केलं आणि तीन वर्षांहून जास्त काळ गव्हर्नरच्या हाती कारभार दिला. आपलं घर दुसऱ्याने चालवणं कसं असतं हे त्यांना ताजं माहीत आहे. खाल्ल्या मिठाला जागायचं असेल तर नोव्हा स्कोशियाने आधी विचारावं, आणि "नाही" ऐकायची तयारी ठेवून विचारावं.

मागच्या हिवाळ्यात ओळखीच्यांकडे जेवायला गेलो, तिथे सॉल्ट केची एक विद्यार्थिनी आली होती. मी बाजारातून खारवलेला कॉड आणला होता, लहान लाकडी पेटीतला. बायकोने तो रात्रभर पाण्यात ठेवून, पाणी बदलून, कोकम घालून सुक्या मासळीसारखा आंबट केला होता. त्या मुलीने दोन वेळा वाढून घेतला. बोलता बोलता विधानसभेच्या ठरावाचा विषय निघाला. तिला तो माहीतच नव्हता. "एकमताने?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. ती काही बोलली नाही.

मग मी आमच्या आगराचं सांगितलं. फळी कशी धरतात ते दाखवायला मी उठून उभा राहिलो, दोन्ही हात पुढे, कंबर थोडी वाकलेली. तिने मान हलवली, खुर्ची मागे सारली आणि माझा डावा हात धरून जरा खाली घेतला. त्यांच्याकडे दांडा तिथे धरत. तिच्या पणजोबांनी तो शेवटपर्यंत धरला होता, 1960च्या दशकात तिथलं मीठ थांबलं तोवर.