तुम्ही विचारलंत म्हणून: कमांड लाइन कुठून सुरू करायची

"लिनक्स शिकायचंय, किती कमांड पाठ कराव्या लागतील?" हा प्रश्न मला इतक्या वेगवेगळ्या लोकांनी विचारलाय की आता एकदाच नीट लिहून काढते. डिप्लोमाची पोरं विचारतात कारण इंटरव्ह्यूत येतं, ऑफिसातली अकाउंट्सची मंडळी विचारतात, ओळखीतल्या एका शाळेच्या सरांनी विचारलं. आणि प्रत्येकाच्या प्रश्नात ते 'पाठ' असतंच.

तर माझं उत्तर असं की पाठ काहीच करू नका. शंभर कमांडची पीडीएफ सगळ्यांकडे असते आणि ती मोबाइलमध्ये तशीच पडून राहते. त्यापेक्षा रोजच्या कामातलं एक कंटाळवाणं काम घ्या, जे तुम्ही आत्ता हाताने करताय, ते टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, करायला बसा, आणि बसल्यावर स्क्रीनवर जे जे उमटेल ते सगळं वाचा. वाचा म्हणजे खरंच थांबून वाचा. मी सर्व्हर सांभाळण्याचं काम करते, दिवसभर टर्मिनलसमोरच असते, आणि मला हेच दिसतं की ज्याला स्क्रीन वाचता येते तो पुढे जातो, ज्याने कमांड घोकल्यात तो पहिल्या एररला अडतो.

(कमांड इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत आणि सगळं स्मॉलमध्ये. लिनक्समध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांची नावं वेगळी धरली जातात, फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेल्या दोन फाइली शेजारी शेजारी राहू शकतात, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा.)

मशीनचं काय, हाही प्रश्न येतोच. नवीन लॅपटॉप नकोय आणि विंडोज उडवायचीही गरज नाही. विंडोज १० किंवा ११ असेल तर पॉवरशेल (विंडोजचं स्वतःचं टर्मिनल) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल' द्या, मशीन रीस्टार्ट करा, विंडोजच्या आतच उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, मिळेल. तुमची सी ड्राइव्ह आतून /एमएनटी/सी या नावाने दिसते, म्हणजे डेस्कटॉपवरच्या फाइलीही हाताशी राहतात. जुना लॅपटॉप धूळ खात पडला असेल तर पेन ड्राइव्हवर उबुंटू किंवा मिंट घेऊन त्यावरून चालू करा, हार्ड डिस्कला हात न लावता वापरून बघता येतं. कुठली डिस्ट्रो (उबुंटू, मिंट असे लिनक्सचे प्रकार) घेऊ यावर लोक आठवडे घालवतात, नका घालवू. इथे जे सांगतेय ते सगळीकडे जवळपास सारखंच चालतं.

आता टर्मिनल उघडलं की एक ओळ दिसते आणि पुढे कर्सर लुकलुकतो. बहुतेक जण ती ओळ बघतच नाहीत, थेट टाइप करायला लागतात. तिच्यात तुमचं नाव असतं, मशीनचं नाव असतं, मग तुम्ही कुठल्या फोल्डरमध्ये आहात ते, आणि शेवटी डॉलरचं चिन्ह. ती नागमोडी रेघ ~ म्हणजे तुमचं स्वतःचं होम फोल्डर. शेवटी डॉलर असेल तर तुम्ही साधे युजर आहात, # असेल तर रूट आहात, म्हणजे मशीनवर काहीही करायची मुभा आहे आणि म्हणूनच जपून. पीडब्ल्यूडी दिलं की तुम्ही कुठे आहात तो पूर्ण पत्ता मिळतो, एलएस दिलं की तिथे काय काय आहे ते, सीडी आणि फोल्डरचं नाव दिलं की तिकडे जाता, सीडी आणि दोन टिंबं दिली की एक पायरी वर येता. सुरुवातीला एवढ्यावर नुसतं फिरा. आणि नावं पूर्ण टाइप करत बसू नका, दोन-तीन अक्षरं टाकून टॅब दाबा, शेल, म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, स्वतः पूर्ण करतं. पूर्ण झालं नाही तर एक तर तसं नाव तिथे नाहीये किंवा एकापेक्षा जास्त आहेत, दोनदा टॅब दाबलं की यादी दिसते. हे टॅबचं मी सगळ्यांना पहिल्यांदा सांगते कारण स्पेलिंगच्या निम्म्या चुका तिथेच मरतात.

एरर आला की लोक घाबरतात, विंडो बंद करतात. समजा फाइलीतला मजकूर बघायला कॅट यादी.सीएसव्ही दिलंत आणि उत्तर आलं, 'कॅट: यादी.सीएसव्ही: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. यात तीन तुकडे आहेत, मध्ये कोलन. पहिला तुकडा तक्रार कोण करतंय, दुसरा कशाबद्दल, तिसरा तक्रार काय. म्हणजे कॅट ही कमांड मशीनवर आहे, चालली आहे, फक्त त्या नावाची फाइल तिला इथे सापडली नाही. मग एलएस देऊन बघायचं, नाव चुकलंय का, की आपणच दुसऱ्या फोल्डरमध्ये उभे आहोत. 'कमांड नॉट फाउंड' आलं तर मात्र भानगड वेगळी, तिथे कमांडचंच नाव चुकलंय किंवा ती इन्स्टॉल नाहीये. 'परमिशन डिनाइड' असेल तर वस्तू आहे पण तुम्हाला परवानगी नाही. या तीन एररमध्येच सुरुवातीचा बहुतेक वेळ जातो आणि तिघांचा उपाय वेगळा आहे, म्हणून वाचायचं. कुणाला मदत मागायची झाली तरी 'चालत नाहीये' असं लिहू नका, कमांड आणि तिचं पूर्ण उत्तर जसंच्या तसं पाठवा, समोरचा माणूस दोन मिनिटांत सांगू शकतो.

आता त्या सरांचं काम सांगते. त्यांना एसटीच्या पाससाठी कुठल्या गावाहून किती मुलं येतात ते दर सत्राला काढून द्यायला लागायचं. एक्सेलमध्ये यादी, नाव, इयत्ता, गाव असे तीन रकाने, आणि सर फिल्टर लावून एकेक गाव निवडून आकडा वहीत लिहायचे. आम्ही ती यादी सीएसव्ही म्हणून, म्हणजे रकान्यांमध्ये स्वल्पविराम असलेली साधी मजकुराची फाइल म्हणून, सेव्ह केली (एक्सेलमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय घ्या, साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हं होतात) आणि मग ही एक ओळ:

कट -डी, -एफ३ यादी.सीएसव्ही | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -एनआर

ही ओळ एकदम टाइप करू नका, तुकड्या तुकड्याने चालवा, मजा त्यातच आहे. नुसतं कटपर्यंत चालवलं की स्क्रीनवर फक्त गावांची नावं धावतात, कारण आपण सांगितलंय स्वल्पविरामावर तोड आणि तिसरा तुकडा दे. मग ती उभी रेघ, म्हणजे पाइप, जी एका कमांडचं उत्तर पुढच्या कमांडला देते, आणि सॉर्ट. आता तीच नावं पण सारखी सारखी एकाखाली एक. मग युनिक -सी (स्पेलिंग uniq, शेवटी क्यू), जे सारख्या ओळींची एक ओळ करतं आणि पुढे आकडा लिहितं. शेवटचं सॉर्ट -एनआर आकड्यांप्रमाणे मोठ्याकडून छोट्याकडे लावतं. सर म्हणाले, मधलं सॉर्ट कशाला, युनिक मोजतंच आहे की. म्हटलं काढून बघा. काढलं तर एकच गाव दहा ठिकाणी, कारण युनिक फक्त लागोपाठच्या ओळींची तुलना करतं, पूर्ण यादी लक्षात ठेवत नाही. हे त्यांनी स्वतः बघितलं त्यामुळे ते आता विसरणार नाहीत.

आणि निकालात दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे 'गाव' नावाच्या गावातून एक विद्यार्थी येत होता, ती रकान्याच्या मथळ्याची ओळ. दुसरी म्हणजे कोरेगाव वेगळं आणि कोरेगांव वेगळं, कारण कुणी अनुस्वार देऊन टाइप केलं कुणी न देता. एक्सेलच्या फिल्टरमध्येही ती दोन वेगळीच दिसत होती, पण शे-दोनशे नावांत नजरेला सापडत नव्हती, इथे आकड्यांसकट समोर आली. मध्ये सेड टाकून गांव चं गाव केलं, सेड 'एस/गांव/गाव/' असं, अवतरणचिन्हांत, आणि झालं. मराठी मजकुरावर हे सगळं छान चालतं हे पुष्कळांना माहीतच नसतं. ग्रेप सातारा म्हटलं की सातारा असलेल्या ओळी येतात. काही टर्मिनलमध्ये जोडाक्षरं तुटलेली दिसतात, ते फक्त दिसण्यापुरतं आहे, आतला मजकूर नीट असतो. अजून एक, देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) तीन बाइट घेतं, त्यामुळे अक्षरं मोजायला डब्ल्यूसी -सी देऊ नका, ते बाइट मोजतं, डब्ल्यूसी -एम द्या. अर्थात तेही काना-मात्रा सुट्ट्या मोजतं, 'मराठी' ची पाच चिन्हं धरतं.

हा पाइप मला आजही या सगळ्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर आहे ती ऑपरेटिंग सिस्टिम, सुरू केलं, पण पाइप त्यात नंतर आला, १९७३ मध्ये. तिथलेच डग्लस मॅकिलरॉय कित्येक वर्षं मागे लागले होते की एका प्रोग्रॅमचं उत्तर थेट दुसऱ्याला जोडता आलं पाहिजे, शेवटी थॉम्प्सननी ते करून दिलं. कट लिहिणाऱ्याला सॉर्टबद्दल काही माहीत असायची गरज नाही, दोघांना सरांच्या एसटी पासबद्दल तर नाहीच नाही, आणि तरी ते एकत्र काम करतात. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमननी जीएनयूची, म्हणजे युनिक्ससारख्या पण मोकळ्या सिस्टिमची, घोषणा केली ती ही सगळी हत्यारं सगळ्यांना मोकळेपणाने मिळावीत म्हणून, आणि १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोर्व्हाल्ड्सनी लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लिहिला, दोन्ही जुळलं. आपण फुकट म्हणून वापरतो, पण फुकटापेक्षा मोठं हे की ते उघडं आहे, सॉर्ट आत कसं चालतं हे वाचायची तुम्हाला परवानगी आहे. गावातल्या शाळेतल्या मुलालाही तेवढीच, अमेरिकेतल्या इंजिनियरलाही तेवढीच. मला याचं खूप अप्रूप आहे.

अडलं तर आधी मशीनलाच विचारा. मॅन सॉर्ट दिलं की सॉर्टचं अख्खं मॅन्युअल उघडतं, नेट नसलं तरी. ते वरपासून खालपर्यंत वाचायचं नसतं, तिरकी रेघ देऊन हवा तो शब्द शोधायचा, क्यू दाबून बाहेर यायचं. चौकोनी कंसात जे असतं ते दिलं नाही तरी चालतं. मॅन सीडी देऊन काही मिळालं नाही तर हेल्प सीडी द्या. सीडी हा वेगळा प्रोग्रॅम नाहीच, तो शेलच्या आतच असतो, कारण वेगळा प्रोग्रॅम स्वतःची जागा बदलू शकतो, शेलची बदलू शकत नाही. ऐकून शिकायला बरं वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे आहेत, मराठीतूनही. आणि थोडा हात बसला की ओव्हरदवायरचा बँडिट नावाचा खेळ खेळा, प्रत्येक पातळीवर पुढचा पासवर्ड शोधायचा असतो, मुलं रात्र रात्र बसतात त्याला.

दोन ठिकाणी मात्र हात आखडता घ्या. आरएमने उडवलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही, गेली ती गेली. म्हणून जे नाव किंवा ज्या * (म्हणजे 'इथे काहीही चालेल') सकट आरएम देणार आहात तेच आधी एलएसला द्या, काय काय उडणार ते दिसेल, पटलं तर मग आरएम. नावात स्पेस असेल तर अवतरणचिन्हांत लिहा, नाहीतर 'लग्नाचे फोटो' या दोन वेगळ्या फाइली समजल्या जातात. दुसरं सुडो, ज्याने पुढची कमांड रूटच्या अधिकाराने चालते. नेटवरून उचललेल्या ओळीत सुडो दिसलं तर ओळीतला प्रत्येक शब्द कळेपर्यंत एंटर दाबू नका. (सुडोचा पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर बहुधा काहीच उमटत नाही, टिंबंसुद्धा नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो, टाइप करा आणि एंटर दाबा.) आणि एखादी कमांड थांबतच नसेल तर कंट्रोल-सी. टर्मिनलमध्ये त्याने कॉपी होत नाही, कॉपीला बहुतेक ठिकाणी मध्ये शिफ्टही लागतं.

सरांची ओळ आता एका फाइलमध्ये आहे. नॅनो (टर्मिनलमधला साधा एडिटर) उघडून ती लिहिली, पहिल्या ओळीत #!/बिन/बॅश, म्हणजे ही फाइल बॅश या शेलने चालवायची, सेव्ह केली. चालवायला गेले तर 'कमांड नॉट फाउंड', कारण शेल कमांड शोधतं ती पाथमध्ये लिहिलेल्या फोल्डरांत आणि आपण उभे आहोत ते फोल्डर त्यात नसतं. नावाआधी ./ लावलं, तर 'परमिशन डिनाइड'. मग सीएचमॉड +एक्स देऊन फाइलीला चालवायची परवानगी दिली आणि चालली. हे दोन्ही एरर त्यांनी स्वतः वाचून सोडवले, मी फक्त शेजारी बसले होते. नंतर यादीच्या नावाच्या जागी डॉलर १ लिहिलं, म्हणजे चालवताना पुढे ज्या फाइलीचं नाव द्याल तीच मोजली जाते. आता ते विचारतायत की प्रत्येक इयत्तेची वेगळी फाइल असली तर सगळ्या एकदम कशा मोजायच्या. त्याला फॉर लूप लागतो, म्हणजे एकच काम प्रत्येक फाइलीवर पुन्हा पुन्हा करायची सोय, तो त्यांना या रविवारी दाखवणार आहे.