आंबेनळी घाटात पाणी खाणारी जुनी डिझेल जीप: हेड उतरवण्याआधी पंप पाहा

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट जुन्या डिझेल गाडीने मे महिन्याच्या दुपारी चढू नये, असे माझे ठाम मत या प्रवासाने झाले आहे. गाडी २००८ सालची, अडीच लिटरच्या टर्बो डिझेल इंजिनाची आणि १,९०,००० किलोमीटर चाललेली. पुण्याहून ताम्हिणीमार्गे दापोली, आणि परतताना खेड, कशेडी, पोलादपूर, महाबळेश्वर, वाई असा बेत होता. दापोलीचे तीन दिवस उत्तम गेले. त्यांतली नोंदवण्याजोगी गोष्ट एकच. हर्णैला दुसऱ्या सकाळी कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रावाच्या) बाटलीतील पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेलेली दिसली, पण गाडीखालची जमीन कोरडी होती, म्हणून मी अर्धा लिटर साधे पाणी ओतले आणि विषय सोडून दिला. ती चूक होती. बंद व्यवस्थेतले कूलंट आपोआप आटत नाही. ते कमी झाले, तर कुठून तरी गेलेले असते.

पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर साधारण ४० किलोमीटर आहे आणि तेवढ्यात रस्ता कोकणच्या सखल पट्ट्यातून सुमारे १,३५० मीटर उंचीपर्यंत जातो. प्रतापगडाच्या पायथ्याचे कुंभरोशी मागे टाकून दोन-तीन वळणे घेतली आणि हीटरमधून अचानक गार हवा येऊ लागली. मी हीटर मुद्दाम लावला होता, कारण तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकत होता आणि हीटरमुळे इंजिनाची थोडी उष्णता बाहेर जाते. काटा वर असताना हीटर गार पडला, तर पाणी संपत आले आहे असे समजावे आणि गाडी तत्काळ थांबवावी. त्यानंतर काटा खाली आला तरी त्यावर विश्वास ठेवू नये, कारण सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडला की तो इंजिनाचे खरे तापमान दाखवत नाही.

पाऊण तास थांबून, रेडिएटरची वरची नळी हाताला सोसेल इतकी निवल्यावरच झाकण जाड फडक्याने उघडले. चार लिटर पाणी मावले. तापलेल्या इंजिनात गार पाणी भसकन ओतले, तर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो, म्हणून इंजिन चालू ठेवून ते हळूहळू भरले. उरलेला चढ तिसऱ्या गिअरमध्ये रेटण्याऐवजी दुसऱ्यात चढलो. पाणी फिरवणारा पंप आणि पंखा दोन्ही इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतात, त्यामुळे कमी फेऱ्यांवर इंजिन घुसमटत चढवले की ते अधिक तापते.

वर पोहोचल्यावर ज्या गॅरेजात गेलो, तेथे दहा मिनिटांत निदान झाले: हेड गॅसकेट (हेड आणि खालचे इंजिन यांमधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर) उडाले आहे, हेड उतरवून फेसिंग करावे, म्हणजे त्याचा पृष्ठभाग सपाट करावा लागेल, तीन दिवस आणि २२,००० रुपये लागतील. पुरावा म्हणून मला रेडिएटरच्या तोंडाशी येणारे बुडबुडे दाखवण्यात आले. नुसते पाहण्याचे ८०० रुपये घेतले. त्या वेळी मी इतका दमलो होतो की होकार जवळजवळ देऊन टाकला होता. पुढे जाणाऱ्यांनी ही जागा नीट लक्षात ठेवावी, कारण फसगत इथेच होते. रिकामी झालेली व्यवस्था नुकतीच भरली असेल, तर अडकलेली हवा बाहेर पडताना बुडबुडे येणारच. हीटर पूर्ण उघडा ठेवून इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवले की ते थांबतात. गॅसकेट खरोखर गेले असेल, तर ते थांबत नाहीत आणि इंजिन रेस केल्यावर वाढतात. रात्रभर निवलेली गाडी सुरू केल्यावर पाणी तापण्याआधीच, म्हणजे मिनिटभरातच, वरची नळी दगडासारखी कडक होते. सोबत गोडसर वासाचा पांढरा धूर किंवा डिपस्टिकवर दुधाळ तेल असू शकते. केवळ ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली, तर घाबरू नये. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत साचलेल्या दमटपणानेही ती धरते.

सकाळी नळी मऊ होती, तेल स्वच्छ होते, बुडबुडे थांबले होते. दुरुस्तीला नकार देऊन, दहा लिटर पाणी सोबत घेऊन, पसरणीच्या उताराने वाईमार्गे पुणे गाठले.

पुण्यातल्या माझ्या नेहमीच्या फिटरने हत्याराला हात लावण्याआधी बोनेट वर करून त्याची आतली बाजू पाहिली. पंख्याच्या रेषेत तेथे फिकट हिरव्या ठिपक्यांची एक कमान उमटलेली होती. या इंजिनात पंखा वॉटर पंपाच्याच दांड्यावर बसतो, म्हणून पंपातून गळणारा थेंब जमिनीवर न पडता पंख्याने भिरकावला जातो आणि तापलेल्या भागांवर सुकून जातो. माझी जमीन कोरडी राहिली ती यामुळे. मग गार इंजिनावर प्रेशर टेस्टर लावून सुमारे एक बार दाब दिला. टेस्टरचा काटा हळूहळू उतरत गेला आणि वीस मिनिटांनी पंपाच्या खालच्या अंगाला मुद्दाम ठेवलेल्या बारीक छिद्रातून पहिला थेंब आला. सील गेल्याची खबर देणे हेच त्या छिद्राचे काम. पंख्याचे पाते धरून हलवल्यावर बेअरिंगचा ढिलेपणाही हाताला जाणवला.

दुसरा दोष रेडिएटरच्या झाकणाचा निघाला. ०.९ बार दाब धरायचे ते झाकण ०.४ वरच सोडत होते. महाबळेश्वरच्या उंचीवर साधे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते; झाकणाचा दाब आणि कूलंटमधील ग्लायकॉल यांमुळेच ते चढावर टिकते, आणि मी ते दोन्ही गमावून बसलो होतो. गॅसकेटची शंका उरू नये म्हणून निळ्या द्रावाची चाचणीही इंजिन रेस करून घेतली; इंजिनाचा धूर पाण्यात शिरत असेल, तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने या द्रावाचा रंग बदलतो. डिझेल इंजिन नुसते आरामात फिरत असताना धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि चाचणी फसू शकते. द्राव निळाच राहिला.

पंप, झाकण, थर्मोस्टॅट, दोन नळ्या, नवे कूलंट आणि मजुरी मिळून ५,९०० रुपये झाले. २२,००० देऊन हेड उतरवले असते, तरी पंप गळतच राहिला असता. प्रेशर टेस्टर नसलेल्या गॅरेजात कूलंटच्या गळतीचे निदान मुळीच स्वीकारू नये. घाटात जायचे असेल, तर आदल्या सकाळी गार इंजिनावर पातळीची खूण करावी, बोनेटच्या आतली बाजू टॉर्चने पाहावी आणि जुने झाकण बदलून टाकावे. पाणी पोलादपूरला किंवा फार तर कुंभरोशीला भरून घ्यावे, आणि चढ सकाळी आठच्या आत सुरू करावा.

परवा तीच गाडी त्याच घाटाने पुन्हा वर नेली. काटा मध्यावरून हलला नाही, आणि दुसऱ्या सकाळी पातळी केलेल्या खुणेवरच होती.